उलटी पाचर

डोंगरमाथ्यावरच्या टेहळणी मनोऱ्यात चार बॅटऱ्या पोचवायच्या, एवढंच काम होतं! ऐकायला सोपं. पण एकेक बॅटरी अशी, की उचलायला दोन धडधाकट माणसं लागावीत; आणि मनोऱ्याकडे जाणारा घाटरस्ता दरड कोसळून पार पुसला गेलेला. मनोऱ्यातल्या जुन्या बॅटऱ्यांनी मान टाकली होती, त्यामुळे तिथला वायरलेस मुका झाला होता. त्यात कोरड्या विजांचे दिवस तोंडावर आले होते. त्या दिवसांत पावसाचा थेंब नसतो, नुसती वीज पडते आणि वाळलेलं जंगल धडाधड पेटतं. मनोऱ्यावरच्या माणसाला धूर दिसला, तरी त्याने खाली कळवायचं कसं? हाका मारून?

हा मनोऱ्यावरचा माणूस म्हणजे माझा नवरा. तेव्हा मला घाई असायला आणखी एक कारण होतं. पण ते मी वनखात्याच्या साहेबांना सांगत बसले नाही.

साहेब गावातली सगळी गॅरेजं फिरले. बाकीच्यांनी नकाशा पाहूनच हात जोडले. घाट सोडला तर वर जायला एकच वाट उरत होती. आधी दगडगोट्यांची खिंड, मग पांढरं तळं, मग उभी चढण. साहेब आमच्या गॅरेजात आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सवयीप्रमाणे "बघू" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात एका गाडीखालून आवाज आला, "जाईल! उंटीण जाईल!"

आवाज माझ्या नणंदेचा. वयाने ती माझ्याहून लहान, पण लग्नात मी चेष्टेने 'वन्सं' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. वन्सं गाडीखालून सरपटत बाहेर आल्या, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि साहेबांना म्हणाल्या, "गाडी मी देते. चालवणार वहिनी. बॅटऱ्या तेवढ्या तुम्ही द्या."

उंटीण म्हणजे आमची फोर व्हील ड्राइव्ह. भंगारात निघालेली ती गाडी वन्संनी स्वतःच्या हाताने उभी केली होती, आणि उभी केली म्हणजे चांगली हातभर उंच उचलली होती. आत चढायचं तर मामंजींना स्टूल लागायचं. गावाने तिला उंटीण म्हणायला सुरुवात केली ती खिजवायला. वन्संनी ते नाव सरळ दरवाजावर रंगवून टाकलं.

गाडी उचलायची म्हणजे खाली ठोकळे सरकवले की झालं, असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारी एक जाडजूड नळी असते, तिला शाफ्ट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट. एक गिअरबॉक्सच्या तोंडाशी, दुसरा मागची दोन चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या नाकाशी. गाडी उचलली की गिअरबॉक्स वर जातो, अ‍ॅक्सल चाकांबरोबर खालीच राहतो, आणि मधला शाफ्ट घसरगुंडीसारखा तिरका होतो. वाकलेल्या जॉइंटमधून फिरणं एकसारखं जात नाही. ते एका फेऱ्यात दोनदा धावतं आणि दोनदा रेंगाळतं. वरच्या जॉइंटने घातलेला हा गोंधळ खालच्याने निस्तरायचा असतो, आणि तो तेव्हाच निस्तरतो, जेव्हा दोघं सारखेच वाकलेले असतात. म्हणजे गिअरबॉक्सचं तोंड आणि अ‍ॅक्सलचं नाक एकमेकांना समांतर हवं. उंटीण उचलल्यावर तिच्या अ‍ॅक्सलचं नाक वर गेलं होतं. वन्संनी पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या लवचीक पट्ट्या, आणि अ‍ॅक्सल यांच्या मधे लोखंडी पाचरी बसवल्या, जाड बाजू पुढे ठेवली आणि नाक जागेवर आणलं. कोनमापक लावून त्यांनी ते इतक्यांदा मोजलं, की शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, पुरे आता, तिच्या नाकाला दृष्ट लागेल!"

आमच्या गॅरेजात एक रीत होती. दुरुस्ती कोणीही करो, गाडी बाहेर पडण्याआधी मामंजी एकदा तिच्या खाली जाणार, इथे पाना लावणार, तिथे टिचकी मारणार, बाहेर येऊन हात पुसणार आणि म्हणणार, "ने." याला सगळे 'शेवटचा हात' म्हणत. वन्सं एकट्याने इंजिनं उतरवत, चढवत, पण गिऱ्हाईक गाडीत बसताना विचारणार, "उस्तादांचा हात फिरला ना?" वन्सं हसून "हो" म्हणायच्या. ते हसणं कडू असायचं, हे मामंजी सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

या मोहिमेआधी जेवताना वन्संनी सरळ विषय काढला. "बाबा, उंटीण माझी आहे. ही एक गाडी तरी माझ्या नावावर वर जाऊ दे. लोकांनी म्हणू दे, हे हिचं काम."

मामंजींनी घास गिळला. "बघू," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी उजाडताच मी आणि वन्सं वनखात्याच्या गाडीने कोठारावर बॅटऱ्या आणायला गेलो. बॅटऱ्यांबरोबर एक माणूसही मिळाला. मनोऱ्यात यंत्र जोडून देणारा वायरलेसवाला. हा सडपातळ गृहस्थ आपली हत्यारांची पेटी तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरून बसला होता. परत आलो तर मामंजी उंटीणजवळ हात पुसत उभे. त्यांचा सदरा पाठीवर मातीने माखलेला.

"ने," ते म्हणाले, आणि स्टूल लावून पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांना यायला कोणी सांगितलं नव्हतं. पण पोराला भेटायला बाप निघाला, तर त्याला नको कोण म्हणणार?

वन्संनी त्यांच्या सदऱ्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि त्या मागे बॅटऱ्यांशेजारी जाऊन बसल्या.

खिंडीत उंटीणने आमची मान उंच केली! तिथे रस्ता असा नव्हताच. घरंगळून आलेले धोंडे, काही बादलीएवढे, काही कपाटाएवढे, आणि त्यांच्यामधून जिथे फट दिसेल तिथे चाक घालायचं. साधी गाडी पहिल्याच धोंड्यावर पोट टेकून बसली असती. उंटीण एकेक पाय उचलावा तसं एकेक चाक वर चढवत होती, पलीकडे अलगद ठेवत होती. मामंजी पुढे बसून "डावीकडे घे, अगं डावीकडे, आता उजवीकडे" असा हुकूम सोडत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच! मी "हो मामंजी" म्हणायचे आणि मला हवं तिकडे वळवायचे. वायरलेसवाल्याचा रंग हळूहळू भेंडीसारखा हिरवा होत गेला.

"थांबवू का?" मी विचारलं.

"नको," तो दात आवळून म्हणाला, "थांबलात तर मी उतरेन, आणि उतरलो तर पुन्हा चढणार नाही."

मुक्काम खिंडीपलीकडे केला आणि सकाळी निघालो. पांढऱ्या तळ्यापर्यंत टणक माळ होता. कितीतरी वेळाने सपाट जमीन मिळाली म्हणून मी जरा पाय दाबला, आणि तेव्हा पहिल्यांदा ते जाणवलं. बुडाखाली एक थरथर. वेग वाढवला की वाढायची, सोडला की विरायची. खिंडीत गोगलगाईच्या वेगात ती कळलीच नव्हती.

"थांब वहिनी!" वन्संनी मागून खांदा धरला. त्यांनी उडी मारून चाकांचे नट तपासले, रिममध्ये अडकलेला चिखल खरवडला. पुन्हा निघालो. थरथर तशीच.

"मी खाली जाऊन कोन मोजते," वन्सं म्हणाल्या.

"काही नको!" मामंजी म्हणाले. "एवढाले टायर लावल्यावर थरथरणारच. खालचं सगळं मी बघितलंय. ऊन चढायच्या आत तळं ओलांडायला हवं, नाहीतर बसा संध्याकाळपर्यंत."

यात त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं. पांढरं तळं म्हणजे पाण्याचं तळं नव्हे. पाणी कधीच आटलं. वर मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि खाली न वाळलेला चिखल. सकाळच्या गारव्यात पापुद्रा टणक असतो. ऊन चढलं की खालचा ओलावा वर येतो आणि तो मऊ पडतो. तिथे एकच नियम. वेग सोडायचा नाही, आणि काही झालं तरी थांबायचं नाही!

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. "मी तर तीनतीनदा मोजलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, आणि चढून बसल्या.

मी उंटीणला तळ्यात घातलं. समोर सगळं पांढरं, डोळे दिपवणारं, आणि पलीकडच्या काठावर डोंगराची काळी रेघ. पापुद्रा चाकांखाली कुरकुरत होता. मी वेग वाढवला. थरथर आली. आणखी वाढवला. आता स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, आरसा वळून आकाशाकडे बघायला लागला, वायरलेसवाल्याच्या पेटीतल्या पान्यांनी ताल धरला. वेग कमी करावा, तर आरशात दिसत होतं, आमच्या मागे चाकांच्या चरांत काळं पाणी भरत होतं. वेग ठेवावा, तर गाडी खिळखिळी होत होती! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी.

"जळकं ग्रीस!" वन्सं ओरडल्या. "वास येतोय! वरचा जॉइंट तापला—"

धाड्!

खालून कोणीतरी घणाचा घाव घालावा तसा आवाज झाला. पुन्हा धाड्! धाड्! मोकळा सुटलेला शाफ्ट तळाला बडवत होता. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला. उंटीण फरफटत गेली आणि उभी राहिली. तळ्याच्या बरोबर मधोमध!

कोणी काही बोलायच्या आत गाडी हळूच एका अंगाला कलली.

"खचतेय!" वायरलेसवाला किंचाळला.

"बॅटऱ्या उतरवा!" वन्संचा आवाज असा काही होता, की मामंजीसुद्धा उडी मारून उतरले, स्टुलाशिवाय! "टपावरच्या फळ्या पसरा, त्यांच्यावर ठेवा. दोन फळ्या पुढच्या चाकांसमोर. वहिनी, तू माझ्याबरोबर खाली ये. मागचा शाफ्ट काढून टाकायचा आणि नुसत्या पुढच्या चाकांवर बाहेर पडायचं."

चाकं अर्धी रुतली होती, तरी उंटीणच्या पोटाखाली आम्हा दोघींना शिरायला जागा उरली होती. दुसरी कुठली गाडी असती, तर हात घालायलाही फट मिळाली नसती. आम्ही खारट चिखलात पाठीवर सरपटत गेलो. शाफ्टचं वरचं टोक तुटून लोंबत होतं, जॉइंटमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या क्रॉसचे तुकडे अजून चटका देत होते. अ‍ॅक्सलकडचे बोल्ट तेवढे सोडवायचे होते. मी शाफ्ट पेलून धरला, वन्संनी पाना लावला. एक सुटला. दुसरा सुटला. आणि एकदम त्यांचा हात थांबला.

वन्सं पाट्यांकडे बघत होत्या. मीही मान वळवून पाहिलं. पाचरीची जाड बाजू मागे होती! दुसऱ्या पाट्याखाली, तिथेही तेच. पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर पान्याच्या ताज्या, चकचकीत खुणा. अ‍ॅक्सलचं नाक खाली यायचं सोडून वर तोंड करून सरळ गिअरबॉक्सकडे बघत होतं.

पाचरी आपोआप उलटत नाहीत. माझ्या तोंडात आलेलं वाक्य वन्संनी ओठांवर बोट ठेवून अडवलं. बोट चिखलाचं होतं. मिठाची चव मला अजून आठवते.

"आत्ता एक अक्षर नाही, वहिनी. आधी गाडी."

तिसरा बोल्ट. चौथा. शाफ्ट माझ्या पोटावर पडला!

आम्ही बाहेर आलो तेव्हा मामंजी आणि वायरलेसवाला शेवटची बॅटरी फळीवर टेकवत होते. टायरमधली थोडी हवा सोडली, सगळं सामान उतरवलं. मी एकटी स्टिअरिंगवर. मागून तिघांनी खांदे लावले. मी फोर व्हीलचा दांडा ओढला आणि पाय हलका ठेवून क्लच सोडला. पुढची चाकं गरगरली, फळीला घासली, आणि पकडली! उंटीण कण्हत, चिखल उडवत, पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत वर आली. "थांबू नकोस!" मागून ओरडा झाला. मी थांबले नाही. काठावरचा खडक चाकांखाली लागला, तेव्हा जिवात जीव आला. ती तिघं शाफ्ट, जॅक आणि हत्यारं घेऊन पापुद्र्यावरून चालत आली. डोक्यापासून पायापर्यंत काळी, फक्त डोळे पांढरे.

बॅटऱ्या मात्र तिकडेच होत्या. तळ्याच्या मधे, फळ्यांवर.

वन्संनी एक घोट पाणी पिऊन बाटली मामंजींच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "बाबा, पाचरी तुम्ही फिरवल्यात?"

"हो," मामंजी म्हणाले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती. "काल सकाळी खाली गेलो तर नाक खाली पाडलेलं. म्हटलं, पोरीने घाईत उलट्या बसवल्या. नाक कसं, गिअरबॉक्सच्या नजरेला नजर देऊन हवं. चारचौघांत तुझी चूक काढायची नव्हती, म्हणून गुपचूप फिरवल्या. तुझ्यासाठीच."

वायरलेसवाला उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

मला वाटलं, आता वन्संचा स्फोट होणार. व्हायला हवा होता! माझे स्वतःचे हात शिवशिवत होते. पण त्यांनी चिखलाने माखलेला शाफ्ट उचलला आणि मामंजींच्या मांडीवर आडवा ठेवला.

"गॅरेज काढायच्या आधी तुम्ही वर्षानुवर्षं ज्या मोठ्या यंत्रांवर काम केलंत, त्यांच्या शाफ्टला वरच्या टोकाला किती जॉइंट असायचे?"

"दोन. जोडीने."

"म्हणून तिथे नजरेला नजर चालते. वरचे दोघं आपसांत निस्तरतात, खालच्याला वाकायची गरज नसते. आता हा बघा."

मामंजींनी तुटक्या टोकावरून अंगठा फिरवला. चिखल निघाला. खाली एकाच जॉइंटचे कान होते. त्यांनी शाफ्ट वळवून दुसऱ्या बाजूने पाहिला, जणू दुसरा जॉइंट तिकडे कुठे लपला असावा.

"एकच," ते म्हणाले.

पुढचं कोणी समजावून सांगायला नको होतं. ते उस्ताद होते. सगळं वाकणं वरच्या एकट्याच्या वाट्याला आलं, खाली निस्तरायला कोणी उरलं नाही, हे त्यांना त्या एका शब्दात कळलं. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"बाबा, मला गाडी उचलायची आहे," वन्सं म्हणाल्या. "जॅक द्या."

पुढचे काही तास बाप-लेक जे बोलले ते एवढंच. पाना, हातोडी, कानस, धर, सोड. यू-बोल्ट सैल केले, पाचरी काढल्या, जाड बाजू पुढे घेऊन पुन्हा बसवल्या. वन्संनी जपून आणलेला नवा क्रॉस शाफ्टमध्ये ठोकला, ओरखडलेले कान कानशीने साफ केले. गाडी खडकावर सपाट उभी करून, चाकांवर पूर्ण भार देऊन, त्यांनी कोनमापक आधी गिअरबॉक्सला लावलं, मग नाकाला. दोन्हीकडे काटा एकाच रेघेवर!

सगळं आवळून झाल्यावर वन्सं बाजूला झाल्या आणि सवयीने थांबल्या. मामंजी गाडीजवळ उभे होते, हातात पाना होता. त्यांनी तो पान्यांच्या पिशवीत टाकला.

"मोजलंस ना तू?"

"मोजलं."

"मग जा. फळ्या बसायला लागल्यात बघ."

खरंच! दुपार कलली होती आणि फळ्यांची टोकं काळ्या पाण्यात गेली होती. सकाळपर्यंत बॅटऱ्या तळ्याच्या पोटात गेल्या असत्या. पापुद्रा सकाळपेक्षा मऊ, माल तेवढाच जड. वायरलेसवाल्याला कोणी विचारलंही नाही. तो पेटी मामंजींच्या हवाली करून आपणहून चढला. म्हणाला, "चार बॅटऱ्या, दोन माणसं लागणार. मला मोजता येतं." त्या क्षणापासून तो मला आवडायला लागला.

आता खरी परीक्षा! ज्या फळ्यांवरून उंटीण सुटली होती त्या तिथेच होत्या. नेम धरून त्याच दोन फळ्यांवर चाकं चढवायची, बॅटऱ्या भरायच्या आणि फळ्या खचायच्या आत निघायचं. चाक फळी चुकलं, तर उंटीण कायमची तिथेच.

मी लांबून वेग घेतला. सकाळी जिथे थरथर सुरू झाली होती, तो वेग आला. काही नाही! आणखी वाढवला. स्टिअरिंग बोटांत शांत. आरसा आपल्या जागी. आणखी! उंटीण नुसती गुणगुणत होती. शेजारी वन्संनी डोळे मिटले होते, तळहात पायाखालच्या पत्र्यावर टेकला होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"वन्सं, रडताय काय, फळ्या बघा!"

"बघतेय गं, बघतेय! जरा डावीकडे!"

मी डावीकडे घेतलं. टायर फळीवर चढले, धाप्पकन! दोघं उडी मारून उतरले. पहिली बॅटरी आत. फळी कुरकुरली. दुसरी. मागचं चाक किंचित खाली गेलं. तिसरी. वायरलेसवाल्याचा पाय पापुद्र्यातून गुडघाभर आत गेला, त्याने तो बुटाशिवाय उपसून काढला. चौथी!

"चल!"

मी क्लच सोडला. चारही चाकांनी एकदम ओढ घेतली. फळ्या मागे उडाल्या, काळ्या पाण्याचा फवारा उडाला आणि उंटीण सुटली! मागे पापुद्रा फुटत येत होता, पण फुटण्याच्या पुढे आम्ही होतो. भरलेली गाडी, मऊ जमीन, पूर्ण वेग, आणि थरथर नावालाही नाही! मी आनंदाने ओरडत होते. वायरलेसवालाही ओरडत होता, पण त्याचं बहुधा दुसरं काही कारण असावं.

काठावर मामंजी पेटी कवटाळून उभे होते. आम्ही थांबलो तरी ते गाडीखाली बघायला वाकले नाहीत. "इथवर ऐकू येत होतं," ते वन्संना म्हणाले. "एकसुरी चाललं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसुरी." मग त्यांनी वन्संच्या डोक्यावरचा चिखल पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी पसरवून ठेवला.

चढणीने दुसऱ्या दिवशी आमचा घाम काढला. एका जागी तर कड्याच्या बाजूची दोन चाकं हवेतच होती. पण ते सगळं सांगत बसले तर उंटीणची फुशारकी मारतेय असं वाटेल, आणि मारायला माझी हरकत नाही, पण मनोरा दिसायला लागला होता. वरून माझा नवरा दोन दोन पायऱ्या गाळत धावत आला. दाढी वाढवून त्याने स्वतःचं पार अस्वल करून घेतलं होतं. त्याने आधी मला पाहिलं, मग बापाला, मग गाडीला. "ही इथवर आली कशी?" तो म्हणाला. कोणाच्या पाया पडावं हे न कळून तो थेट बॅटरी उचलायला लागला.

वायरलेसवाला एका बुटावर लंगडत वर गेला आणि यंत्राला भिडला. आम्ही सगळे त्या चिमुकल्या खोलीत दाटीवाटीने उभे. खिडक्यांतून चारी दिशांना जंगल पसरलेलं. शेवटची तार जोडली. हिरवा दिवा लागला. खरखर. मग आवाज!

"मुख्य ठाणं ऐकतंय. कोण बोलतंय?"

"मनोरा बोलतोय!" वायरलेसवाला ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला.

पलीकडे टाळ्या झाल्या. मग साहेब आले. अशा पहिल्या बोलण्याला जंगलातली सगळी ठाणी कान लावून बसतात. आमचं अख्खं गावही त्या ठाण्याच्या अंगणात जमलं असणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "उस्ताद आहेत का तिथे? उस्ताद, मी म्हटलंच होतं, तुमचा हात फिरला की गाडी कुठेही जाते!"

वन्सं खिडकीकडे वळल्या. बाहेर बघायला लागल्या.

मामंजींनी बोलायचं यंत्र हातात घेतलं. ते कधीच वायरलेसवर बोलले नव्हते, तोंडापासून फार लांब धरून ते म्हणाले, "साहेब, माझा हात फिरला म्हणूनच गाडी तळ्यात बसली. लेकीने कोन बरोबर लावला होता, तो मी चुकीचा केला. तिने भर तळ्यात गाडी सोडवली आणि पुन्हा बरोबर केला. गाडी तिची आहे. काम तिचं आहे."

खरखर. बराच वेळ नुसतीच खरखर.

"उस्ताद, मधलं काही कळलं नाही. पुन्हा सांगा."

एवढं एकदा बोलायला त्या माणसाला अख्खं आयुष्य लागलं होतं, आणि आता पुन्हा! नवऱ्याने हळूच यंत्र त्यांच्या तोंडाजवळ सरकवलं. मामंजींनी घसा खाकरला, छाती पुढे काढली आणि असा आवाज लावला, की खाली उंटीणपर्यंत पोचला असेल.

"म्हटलं, चूक माझी होती! कोन माझ्या लेकीचा बरोबर होता! गाडी तिने आणली!"

"मुख्य ठाणं. ऐकलं," साहेब सावकाश म्हणाले.

"पूर्वेचं ठाणं, ऐकलं," दुसरा आवाज आला.

"खिंडीचं ठाणं, ऐकलं."

"नदीकाठचं ठाणं. ऐकलं, उस्ताद. ताईंना आमचा नमस्कार सांगा."

एकेक ठाणं बोलत गेलं. वन्सं खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मामंजी त्यांच्या पाठीकडे पाहत यंत्र हातात धरून, शेवटच्या ठाण्याचा आवाज येईपर्यंत, ताठ उभे राहिले.